अंगणातली आजारी कोंबडी



गेले काही दिवस या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकलेत, मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम ऐकलात, गोदावरीच्या पाण्याचा प्रश्न ऐकलात. आज बाहेरच्या फळ्यावर आमचा विषय वाचून एक-दोघांनी चालकांना विचारले म्हणे, की लिहिणाऱ्याच्या हातून काही चूक तर झाली नाही ना? चूक झालेली नाही. चालकांनी आम्हांस कामगार चळवळीवर बोलावयास सांगितले होते. आम्ही म्हटले, चळवळीवर आम्ही वर्षभर मोंढ्याच्या फाटकाशी बोलतच असतो. यंदा हमालांच्या घरच्या बायांनी आम्हांस जे शिकविले त्यावर बोलू द्या. चालक मोठ्या मनाचे. त्यांनी होकार दिला.

आम्ही पशुवैद्य नव्हे, हे प्रथमच सांगून टाकतो. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात, आणि या विषयापुरते बोलावयाचे तर जनावरांच्या दवाखान्यातल्या बाकावर, डॉक्टरसाहेबांना प्रश्न विचारून विचारून झाले. तेव्हा जेथे डॉक्टरांचे काम सुरू होते तेथे आम्ही थांबणार आहोत.

कोंबडीवर बोलण्यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही. मनुष्यजातीवर या पाखराचे दोन फार मोठे उपकार आहेत. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८७९-८० साली कोंबड्यांच्या पटकीवर काम केले. जुन्या झालेल्या, बळ गेलेल्या जंतूंची टोचणी दिलेल्या कोंबड्या पुढे ताजे जंतू टोचूनही जगल्या. प्रयोगशाळेत जंतूचे बळ कमी करून तयार केलेली ती पहिली लस. दुसरा उपकार जावा बेटातला. तेथे आइकमान नावाचे डच डॉक्टर बेरीबेरीचा शोध घेत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले आणि काही दिवसांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीत कळले, की मध्यंतरी त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात मिळत होता. नवा स्वयंपाकी आला आणि 'लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना मिळणार नाही' असे म्हणून त्याने तो बंद केला. मग त्यांना बिनसडीचा तांदूळ घालू लागले आणि पाय सुधारले. तांदळाच्या कोंड्यात काहीतरी जीवनावश्यक आहे, हे त्यातून पुढे आले, आणि आइकमान यांस १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एका खडूस स्वयंपाक्यामुळे जगाचे भले झाले, असे हे उदाहरण आहे. आपल्यापुरता त्याचा बोध असा, की रेशनच्या पांढऱ्या तांदळावरच कोंबडी ठेवली तर तिच्या पायांतले बळ जाते. ज्वारी-बाजरी, कोंडा, पाला, किडेमुंग्या असे मिळूनमिसळून तिला हवे.

म्हणजे लसीचे आधुनिक शास्त्र कोंबडीच्या खुराड्यातून निघाले आणि जगभर फिरले. मात्र आमच्या गल्लीतल्या खुराड्यापर्यंत ते अजून पुरते परत आलेले नाही. आजचे आमचे म्हणणे याच तक्रारीभोवती आहे.

ही तक्रार आमच्या मनात कधी शिरली ते सांगतो. आम्ही नऊ-दहा वर्षांचे होतो. गोदाकाठच्या एका खेड्यात घर. आईजवळ अकरा कोंबड्या होत्या. शेतमजुरीचे पैसे वडिलांच्या हाती येत आणि वाण्याच्या वहीत जात. अंड्यांचे पैसे तेवढे आईचे. उन्हाळा होता. एके दिवशी एक कोंबडी भिंतीशी पिसे फुलवून बसली. 'ऊन लागले असेल,' असे आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला हिरवे पाण्यासारखे हगवण लागले, तिसऱ्या दिवशी मान पिळवटली. चार दिवसांत सात मेल्या. उरलेल्या चारांपैकी दोन अजून ठीक दिसत होत्या. त्या दोन आईने टोपलीत घालून आठवडी बाजारात विकल्या. त्या पैशांत आमची पाटी-पुस्तके आली.

घेणारी एका वाडीवरची बाई होती. पुढच्या बाजाराला ती आली, टोपली रिकामी. तिने भांडण केले नाही. 'माय, तुमच्या राहिलेल्या जगल्या का हो?' एवढेच तिने विचारले. तिच्या घरच्या आणि शेजारच्या दोन घरच्या गेल्या होत्या. आई काही बोलू शकली नाही. आपण रोग विकला, हे त्या दिवशी तिला कळले, आणि तिच्या तोंडाकडे पाहून आम्हालाही कळले. आई वाईट नव्हती. आजारी कोंबडी कशी ओळखावी, ओळखली तर काय करावे आणि कोणाकडे जावे, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. आज जे सांगावयाचे ते तिला सांगावयास हवे होते.

प्रथम ओळखण्याविषयी.

कोंबडी आजार लपविते. यात तिचा लबाडपणा नाही, भीती आहे. नॉर्वेचे श्येल्डेरुप-एब्बे नावाचे गृहस्थ लहानपणापासून कोंबड्यांचा कळप न्याहाळीत आले आणि १९२०-३० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी मांडले, की कळपात कोणी कोणास टोचावे याची उतरंड ठरलेली असते. जी अशक्त दिसेल तिच्यावर बाकीच्या तुटून पडतात. म्हणून ती अंगात बळ असेतो इतरांबरोबर दाणे टिपल्याचे सोंग करते. आम्हांस हे समजावयास अवघड गेले नाही. शंभर किलोचे पोते पाठीवर घेणारा हमाल छातीत कळ आली तरी मुकादमाला सांगत नाही. सांगितले तर उद्या त्याच्या जागी दुसरा उभा असतो. तेव्हा आपल्याला कोंबडी आजारी दिसते, तेव्हा ती पुष्कळदा दोन-चार दिवस आधीपासूनच आजारी असते. 'काल तर चांगली होती हो' असे प्रत्येक बाई म्हणते. काल ती चांगली दिसत होती, इतकेच खरे.

यावर उपाय एकच. कोंबडी चांगली असताना तिला रोज पाहावे. सकाळी खुराडे उघडताना दारातून बाजूला न होता मोजून पाहावे, की पहिली कोण बाहेर येते, शेवटची कोण. मूठभर ज्वारी फेकावी. जी धावत नाही, जी येऊनही टिपत नाही, तिच्यावर दिवसभर नजर ठेवावी. मान आत ओढलेली, पिसे फुललेली, शेपूट खाली, डोळे मिटलेले, अशी उन्हात बसलेली कोंबडी आजारी धरावी. अपवाद दोन. खुडूक बसलेली कोंबडीही दिवसभर फुगून बसते; पण तिला हात लावा, ती गुरगुरते, चोच मारते, तिचे डोळे टवटवीत असतात. आणि पिसे गाळण्याच्या दिवसांत कोंबडी भिकाऱ्यासारखी दिसते, अंडी बंद करते. ते निसर्गाचे काम आहे. या दोघींना औषध देऊ नये.

मग तिला हातात घ्यावे. दिवसा अंगणभर पळवून धरू नये, त्यानेच ती अर्धी होते. अंधार पडल्यावर किंवा पहाटे खुराड्यातून अलगद काढावी. तपासणीचा क्रम चोचीपासून पायापर्यंत ठेवला म्हणजे काही राहून जात नाही.

तुरा पाहावा. लाल, भरलेला तुरा ही आरोग्याची खूण. फिकट पडला तर रक्त कमी होत आहे. जंत, उवा किंवा गोचीड यांपैकी कोणीतरी ते पीत असेल. निळा-जांभळा झाला तर श्वास किंवा रक्ताभिसरण बिघडले आहे आणि वेळ थोडा आहे. डोळ्यांत फेस, नाकातून चिकट पाणी, चोच उघडी टाकून घरघर, हे सर्दी आणि श्वसनाचे रोग. तोंड उघडून आत पिवळट पापुद्रा आहे का पाहावा. गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपावी. रात्री ती भरलेली असते, सकाळी रिकामी असावयास हवी. सकाळीही दगडासारखी टणक लागली तर चारा, दोरा किंवा प्लास्टिक अडकले आहे. पिलपिलीत लागली आणि तोंडाला आंबूस वास आला तर आतले अन्न नासले आहे. छातीचे हाड चाचपावे. ते सुरीच्या पात्यासारखे हाताला लागले तर आजार आजचा नाही, कित्येक आठवड्यांचा आहे. पिसे उलटी फुंकून मुळाशी उवा पाहाव्यात. पोट फुगलेले, कोंबडी जोर करते आणि अंडे येत नाही, असे असेल तर अंडे अडकले आहे. पायाचे खवले उचललेले असतील तर तेथे बारीक कीड आहे. तळव्याला काळा खपला आणि सूज असेल तर काटा रुतून पू झालेला आहे.

शेवटी विष्ठा पाहावी. सभागृहात या वस्तूचे नाव घेतल्याबद्दल क्षमा असावी, पण गरिबाची प्रयोगशाळा तीच आहे. तपकिरी गोळा आणि त्यावर पांढरी टोपी, ही निरोगी विष्ठा. पांढरे म्हणजे तिचे मूत्रच असते. मधूनमधून एखादी चिकट, घाण वासाची पडते, तिलाही घाबरू नये. रक्त दिसले, विशेषतः पावसाळ्यात लहान पिल्लांत, तर ती रक्ती हगवण. पिल्लांच्या मागे पांढरा खडू चिकटल्यासारखा दिसला तर पांढरी हगवण. हिरवे पाणी दिसले तर दोन अर्थ होतात: एक तर तिने दोन दिवस काही खाल्लेले नाही, नाही तर मानमोडी दारात आली आहे.

आता शुश्रूषा. पहिली गोष्ट, तिला वेगळे काढावे. डालग्याखाली, सावलीत, कोरड्या जागी, घराच्या दुसऱ्या बाजूला, खाली राख किंवा भुसा पसरून ठेवावे. दाणापाणी आधी चांगल्यांना घालावे, आजारीला सर्वांत शेवटी, आणि मग हात साबणाने धुवावेत. तिचे भांडे निराळे ठेवावे. आपल्या चपला रोग वाहून नेतात, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरी गोष्ट पाणी. आजारी पाखरू भुकेने मरण्याआधी तहानेने मरते. पाण्यात चिमूट मीठ आणि थोडा गूळ विरघळवून द्यावा. पीत नसेल तर चोचीच्या कडेला थेंब लावावा. ती स्वतः गिळते. चोच फाकून घशात पाणी ओतू नये. तिच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते; ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाते. प्रेमाने पाणी पाजून मारलेल्या कोंबड्या आम्ही पाहिल्या आहेत. तिसरी गोष्ट अन्न. भिजविलेल्या कण्या, उकडलेल्या अंड्याचे तुकडे, असे मऊ आणि थोडे थोडे. थंडीत ऊब, उन्हाळ्यात गारवा. अंडे अडकले असेल तर कोमट पाण्यात तिचे बूड काही वेळ ठेवून, तेलाचे बोट लावून अंधाऱ्या उबदार जागी बसवावे. अंडे आत फोडण्याचा खटाटोप करू नये. अंड्याचे कवच पातळ पडत असेल तर धुऊन, भाजून कुटलेली टरफले किंवा शिंपल्यांचा चुरा खाण्यात घालावा.

आपला नांदेड-लातूरचा वैशाख म्हणजे कोंबडीची परीक्षा. तिच्या अंगाची उष्णता मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते आणि तिला घाम येत नाही. बाहेर ४२-४३ झाले, की चोच उघडून धापा टाकणे एवढाच मार्ग तिला उरतो. पत्र्याच्या खुराड्यात दुपारी तिला कोंडणे म्हणजे भट्टीत घालणे. पत्र्यावर तुराट्या किंवा गोणपाट टाकून ते भिजवावे, माठातले पाणी दिवसातून तीनदा बदलावे. ऊन लागलेली कोंबडी सावलीत घेऊन तिचे पाय आणि तुरा साध्या पाण्याने भिजवावेत. बर्फात बुडवू नये. दुपारी गार जागेत नेल्यावर तासाभरात सावरली तर ऊन होते. नाही सावरली तर दुसरे काही आहे असे समजावे. आमच्या आईची चूक येथेच झाली.

काही आजार आपणच घालतो. मोंढ्यात सांडलेला माल झाडून हमाल घरी नेतो, ही त्याची वरकमाई. त्यात पावसाने भिजलेला, बुरशी धरलेला मका आणि शेंगदाणा असतो. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी शेंगदाण्याच्या बुरसटलेल्या पेंडीने मेले आणि त्यातून अफलाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. ते उकळून किंवा वाळवून जात नाही. बुरशीचा दाणा फेकून द्यावा. माणसाने खाऊ नये, कोंबडीला घालू नये. पेरणीच्या दिवसांत औषध चोळलेले रंगीत बियाणे उरते, तेही अंगणात झटकू नये. कच्चे सोयाबीन आपल्या लातूरकडे मुबलक आहे, पण ते तसेच घातले तर कोंबडीला पचत नाही, भाजूनच घालावे. उंदराचे औषध आणि कोंबड्या एका घरात ठेवू नयेत.

गोचिडांची कथा मजेची आहे. कोंबडी फिकट होत जाते, दिवसा पाहावे तर अंगावर एकही गोचीड नाही. तो दिवसा भिंतीच्या भेगांत झोपतो आणि रात्री जेवावयास येतो, सावकारासारखा. म्हणून रात्री बॅटरी घेऊन खुराडे पाहावे, भेगा चुन्याने-मातीने लिंपाव्यात आणि कोंबड्यांना राखेत लोळण्यास जागा ठेवावी. रक्ती हगवणीचेही असेच मर्म आहे. विष्ठेतून बाहेर पडलेले तिचे बीज ओलसर जागी एक-दोन दिवसांत रोग देण्याजोगे पिकते. रोज झाडून कोरडे ठेवले तर ते पिकण्याआधीच बाहेर जाते. औषध दवाखान्यात मिळते, पण झाडू घरात आहे. कोंबड्यांची देवी डासांमुळे पसरते. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती फोड-खपल्या येतात. ती माणसाला होत नाही. खपल्या खरवडू नयेत. तोंडात आत पसरली नसेल तर बहुधा तीन-चार आठवड्यांत बरी होते.

औषधाविषयी एकच बजावतो. घरात कोणाच्या तापाच्या उरलेल्या गोळ्या असतात, त्यांतली अर्धी कोंबडीला घालण्याची चाल आहे. विषाणूच्या रोगावर त्या गोळीचा काही उपयोग नसतो. जंतूचा रोग असेल तर अपुऱ्या गोळीने जंतू मरत नाहीत, ते शहाणे होतात, आणि उद्या आपल्या मुलाला तीच गोळी लागू पडत नाही. कोलिस्टिन हे माणसाच्या अखेरच्या उपायाचे औषध कोंबड्यांच्या खाद्यात जाऊ लागले, म्हणून २०१९ साली आपल्या सरकारला खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत व पक्ष्यांत त्याचा वापर बंद करावा लागला. औषध डॉक्टरांनी सांगितलेलेच द्यावे, आणि किती दिवस अंडी खाऊ नयेत हे विचारूनच दवाखान्याची पायरी उतरावी.

आता मानमोडी. शास्त्रात तिला राणीखेत म्हणतात. १९२६ साली जावा आणि इंग्लंडातले न्यूकॅसल येथे, आणि पुढे कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेत गावी ती नोंदली गेली. म्हणून इकडे हे नाव पडले. घरघर, हिरवे हगवण, लुळे पंख, पिळवटलेली मान. लागण झाल्यापासून बहुधा पाच-सहा दिवसांत लक्षणे दिसतात. लस न दिलेल्या कळपात शंभरातल्या नव्वद मरू शकतात. तिला औषध नाही. लसूण नाही, हळद नाही, मरीआईचा नवसही नाही. लस मात्र आहे, चांगली आहे आणि जुनी आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचे झाले, की डोळ्यात किंवा नाकात एक थेंब; पुढे सुमारे आठव्या आठवड्यात टोचणी; नंतर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे.

मग ही लस आमच्या गल्लीत का पोहोचत नाही? याचे उत्तर शोधता शोधता आम्ही पुन्हा आमच्या मूळ धंद्याशी येऊन पोहोचलो. लसीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात. ती दोन ते आठ अंशांच्या थंडाव्यात ठेवावी लागते, आणि एकदा मिसळली म्हणजे दोनेक तासांत संपवावी लागते. ज्या बाईच्या घरी सहा कोंबड्या आहेत तिने काय करावे? हजारो कोंबड्यांच्या फार्मवाल्याला ही अडचण नाही. सहा कोंबड्यांची बाई एकटी आहे म्हणून तिची कोंबडी मरते. हीच गोष्ट आम्ही एकट्या हमालाच्या मजुरीविषयी आयुष्यभर सांगत आलो, पण खुराड्याला ती लागू आहे हे आमच्या डोक्यात आले नव्हते. ते एका हमालाच्या बायकोने दाखवून दिले. गल्लीत तीन घरच्या कोंबड्या मेल्या तेव्हा ती सभेत उठून म्हणाली, 'भाऊ, तुमच्या पावतीबुकात आमच्या कोंबड्यांची नावं लिहा की.'

लिहिली. वीस-बावीस घरे, एकशे तीसच्या आसपास कोंबड्या. कुपी बर्फ घातलेल्या थर्मासातून आणली. वेळ पहाटे पाचची धरली, कारण त्या वेळी कोंबड्या खुराड्यात सापडतात. डॉक्टरसाहेबांनी पहिल्या दिवशी शिकविले, पुढे बायाच थेंब घालू लागल्या. तासाभरात काम आटोपले. प्रत्येक घराला जो खर्च आला तो एका अंड्याच्या किमतीहून फार नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात पलीकडच्या वस्तीत मानमोडी आली. आमच्या गल्लीत चार कोंबड्या मेल्या. त्यांतल्या तीन लसीनंतर बाजारातून आणलेल्या होत्या. त्यावरून आम्ही नियम केला, की बाजारातली नवी कोंबडी तीन आठवडे वेगळी राहील. चौथी का मेली ते कळले नाही. कारण तिच्या मालकिणीने ती लाजेने परस्पर पुरली.

हे लाजणे सोडले पाहिजे. मेलेली कोंबडी पुष्कळ काही सांगते. ताजी असताना प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, बाहेरून बर्फ लावून दवाखान्यात न्यावी. आपल्या मराठवाड्यात परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. एकीची चिरफाड झाली तर बाकीच्या वाचतात.

मात्र एकदम पुष्कळ पाखरे मेली तर हात लावू नये. मेलेली उचलू नयेत, उरलेली कापून खाऊ नयेत, दवाखान्यात कळवावे किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी सुमारे आठशे कोंबड्या मेल्या आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू असल्याचे सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडले. निदान तेच निघाले. अशा वेळी सरकार भोवतालच्या सर्व कोंबड्या नष्ट करते, आणि बाई कोंबड्या लपविते. तिचे दुःख आम्ही जाणतो. पण दोन गोष्टी तिला सांगाव्यात. नीट शिजलेल्या मांसाची भीती नसते, आजारी पाखरू सोलताना मात्र जिवाला धोका असतो. आणि भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या कोंबड्यांची, आपोआप मेलेल्यांची मिळत नाही. लवकर कळविण्यात तिचाच फायदा आहे. ही भरपाई गरिबाच्या हाती वेळेवर पडावी, यासाठी भांडण्याचे काम आमच्यासारख्यांचे. ते आम्ही सोडणार नाही. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटावयाचे राहत नाही, ही म्हण आपण रोगालाही लावावी.

साध्या मरणातही नियम पाळावा. मेलेली कोंबडी नाल्यात, उकिरड्यावर, गोदावरीत टाकू नये. कुत्र्याला घालू नये. खोल खड्डा, वर चुना, वर माती.

बंधुभगिनींनो, आजारी कोंबडी ओळखणे एका बाईच्या डोळ्यांचे काम आहे. तिची शुश्रूषा एका घराचे काम आहे. तिला मानमोडीतून वाचविणे मात्र एका घराच्या हातचे नाही, ते गल्लीचे काम आहे. पंचवीस घरांनी मिळून एक कुपी आणावी, इतके छोटे हे काम. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कोंबड्या नसतील. पण आपल्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईच्या घरी असतात. तिला उद्या एवढेच विचारावे, 'कोंबड्यांना लस दिली का?' आणि दवाखाना कोठे आहे ते तिला दाखवावे. आपल्यात जे शिक्षक, कारकून, दुकानदार आहेत त्यांनी आपल्या घरच्या बर्फाच्या कपाटात एक रात्र एका कुपीला जागा द्यावी. गल्लीतल्या बाईजवळ कोंबड्या आहेत, थेंब घालणारे हात आहेत; थंड जागा तेवढी आपल्याकडे आहे.

आमची आई आता नाही. त्या वाडीवरच्या बाईचा शोध आम्ही पुढे केला, पण नावही ठाऊक नसल्याने ती सापडली नाही. तिच्या प्रश्नाला आईने उत्तर दिले नाही; आमच्याकडूनही अजून पुरते झालेले नाही. जेवढे जमले तेवढे आज आपल्यापुढे ठेवले.

 व्याख्यानानंतर बाहेर कडुनिंबाखाली आम्ही वही घेऊन बसणार आहोत. ज्यांना आपल्या गल्लीतल्या कोंबड्यांची नावे लिहावयाची असतील त्यांनी यावे.